तीन खोके औषधं जमलीत, आता मलावीला पाठवू का?

इंदूरच्या एका ताईंचं मोठं पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणाल्यात. त्यांच्या चर्चमध्ये रविवारी मराठी उपासना असते आणि त्या तिथल्या महिला मंडळाचं काम बघतात. मंडळीतल्याच एका कुटुंबातली नर्स सध्या आफ्रिकेत, मलावीला, एका मिशन हॉस्पिटलमध्ये आहे. तिने तिथले फोटो पाठवले, एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं झोपलेली, ते बघून सगळ्यांच्या पोटात कालवलं आणि महिला मंडळ नि तरुण संघाने मिळून घरोघर फिरून औषधं जमवली, जुने चष्मे, एक वापरलेलं बीपीचं मशीन, चादरी, सगळं मिळून तीन मोठे खोके भरलेत आणि ते आता चर्चच्या हॉलमध्ये पडून आहेत. कुरिअरवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून ताई हबकल्यात. त्यातून त्यांची मुलगी, बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणते मी सुट्टीत एका टीमबरोबर तीन आठवडे तिकडे जाते. आणि घरात सासरे म्हणतात, इथे झाबुआत लोकांना दवाखाना मिळत नाही नि तुम्हाला आफ्रिका सुचतेय. शेवटी ताई लिहितात, "लोकांनी इतक्या प्रेमाने दिलंय, आता पाठवत नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडेल, आणि पाठवलं तर त्याचा उपयोग होईल की नाही तेही कळत नाही. काय करू?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. खोके पाठवू नका. काम मात्र बंद करू नका, फोटो बघून तुमच्या बायकांना जे वाटलं ते अगदी खरं आहे आणि त्याचं चांगलं काहीतरी होऊ शकतं, फक्त ते खोक्यातून होणार नाही.

मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या फार्मसीत काम केलंय, दान आलेल्या औषधांची खोकी कितीतरी उघडलीत. वरून बघताना खूप माल दिसतो. मग एकेक स्ट्रिप हातात घेतली की कळतं, ही अर्धी कापलेली, आणि बॅच नंबर नि एक्स्पायरी छापलेली बाजू ज्याने आधीच्या गोळ्या खाल्ल्या त्याच्याकडेच गेली, हातात उरल्या चार गोळ्या, कधीच्या आहेत देव जाणे. ही डॉक्टरला मिळालेली सॅम्पलची स्ट्रिप, तीन गोळ्यांची. हे खोकल्याचं औषध, सील फोडलेलं. आणि इन्सुलिन असेल तर ते २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, कोणाच्या तरी कपाटात पूर्ण उन्हाळा काढलेलं इन्सुलिन तुम्ही कोणाला टोचणार? यातलं काहीही मी आपल्या पेशंटला दिलं नसतं, मग मलावीच्या पेशंटला कसं चालेल?

हे माझंच मत आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम १९९६ मध्येच काढलेत, नंतर सुधारलेतही. त्यात स्वच्छ सांगितलंय की पेशंटला दिलेली आणि परत आलेली औषधं, फुकटची सॅम्पलं दान करायची नाहीत, माल तिथे पोचेल तेव्हा एक्स्पायरीला किमान एक वर्ष बाकी पाहिजे, औषध त्या देशाच्या मंजूर यादीतलं पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घेणाऱ्याने ते मागितलेलं पाहिजे. हे नियम उगाच नाही झाले. बोस्नियात युद्ध चालू होतं तेव्हा, १९९२ ते १९९६ या काळात, जगभरातून भल्या लोकांनी औषधं पाठवली, त्यातली सुमारे १७,००० टन औषधं निरुपयोगी निघाली आणि ती नष्ट करायचा खर्च ३ कोटी ४० लाख डॉलर इतका धरला गेला. त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये तेच झालं, वीस लाखांहून कमी लोकांसाठी ४,००० टनांच्या वर औषधं येऊन पडली आणि त्यातल्या बहुतेकांवरचा मजकूर तिथल्या लोकांना वाचताच येत नव्हता. म्हणजे ज्यांच्या घरात आधीच संकट, त्यांच्याच माथी आपला कचरा उचलायचं काम. पाठवणाऱ्यांच्या मनात यातलं काहीही नव्हतं, तरी झालं ते हेच.

चष्म्यांचंही तसंच आहे ताई, मला माहितीये हे ऐकून वाईट वाटेल कारण चष्मा दान करणं किती साधं नि छान वाटतं. पण २०१२ मध्ये एका अभ्यासात बघितलं गेलं की गोळा केलेल्या जुन्या चष्म्यांपैकी फक्त ७ टक्के वापरण्यासारखे निघतात, बाकी काचा घासलेल्या, काड्या मोडलेल्या, आणि नंबर असे की दुसऱ्या कोणाला जुळतच नाहीत. ते निवडून, धुवून, तपासून, पाठवून जो एक चष्मा हाती पडतो तो नव्या तयार चष्म्यापेक्षा महाग पडतो. बीपीचं मशीन कुठलं आहे तुम्ही लिहिलं नाही, विजेवर चालणारं असेल तर मलावीत प्लग ब्रिटिश पद्धतीचे असतात, तीन चपट्या पिनांचे, आपला गोल पिनांचा प्लग तिथे बसणारच नाही. अडॅप्टर मिळेल, पण पट्टा फाटला किंवा नळी गेली तर त्या कंपनीचा पार्ट तिथे कोण देणार हा खरा प्रश्न.

बरं, आता गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगते, गंमत कसली, मला तरी यात खूप आशा दिसते. तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर पिथमपूर आहे. तिथे सिप्ला, ल्युपिन, इप्का यांचे औषधाचे कारखाने आहेत. आफ्रिकेतल्या हॉस्पिटलांत जी स्वस्त जेनेरिक औषधं वापरतात त्यातली पुष्कळशी भारतातूनच जातात, कंटेनर भरभरून, तपासणी होऊन, कागदपत्रांसकट. २००१ मध्ये सिप्लाने एड्सची तीन औषधं एका पेशंटला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली तेव्हा बड्या कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता, त्या एका गोष्टीने आफ्रिकेत किती घरं वाचली असतील विचार करा. म्हणजे औषध तिकडे जायचा रस्ता आधीच आहे आणि तो चांगला रुंद आहे. हॉस्पिटलकडे कमी पडतात ते पैसे. तुम्ही कुरिअरला जेवढे देणार होता तेवढ्यात ते लोक तिथल्याच घाऊक डेपोतून ताजा माल, पूर्ण एक्स्पायरीचा, त्यांच्या यादीतला घेऊ शकतात. केनियात तर चर्चेसनी १९८६ पासून स्वतःची औषध पुरवठा संस्था चालवलीये, कॅथलिक नि प्रोटेस्टंट दोघांनी मिळून, मिशन हॉस्पिटलांना खात्रीचा माल मिळावा म्हणून. मलावीतही चर्चची हॉस्पिटलं सुटी सुटी नाहीत, त्यांची १९६६ पासूनची एक मोठी संघटना आहे, सरकारशी त्यांचे करार आहेत, स्टाफचा पगारही बराचसा सरकार देतं. हे लोक आपल्या कापलेल्या स्ट्रिपांची वाट बघत बसलेले नाहीत, त्यांना आपलं काम नीट कळतं.

म्हणून पहिलं काम, त्या नर्सला फोन लावा, आणि तिला एकटीला नको, तिला सांगा तुझ्या मेट्रनला नि फार्मसीवाल्यांना विचार. काय विचारायचं तर, या तीन महिन्यांत तुमच्याकडे कशाचा तुटवडा झाला, ते तुम्ही कुठून घेता, केवढ्याला पडतं, आणि आम्ही दर महिन्याला थोडं थोडं पाठवलं तर ते कोणत्या खात्यात घ्याल नि हिशोब कसा द्याल. बास. उत्तर कदाचित औषध नसेलच. हातमोजे असतील, जनरेटरचं डिझेल असेल, रक्त चढवायच्या पिशव्या, मुलाबरोबर आलेल्या आईच्या जेवणाची सोय, किंवा त्यांच्याच नर्सिंग स्कूलमधल्या एखाद्या मुलीची फी. जे सांगतील ते माना. आपल्याला फोटोत भावेल असं काहीतरी हवं असतं, डिझेलचा फोटो कोणाला दाखवणार, पण रात्री सिझेरियन चालू असताना लाइट गेली तर आई-बाळ त्या डिझेलवरच वाचतात.

पैशाच्या बाबतीत थोडं सांभाळून, इथे भोळेपणा चालत नाही. चर्चच्या ट्रस्टचा पैसा थेट बाहेर पाठवायला जाऊ नका, ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकराची सूट आपोआप मिळत नाही, त्याला वरून मंजुरी लागते. आणि परदेशातून एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) खात्यात आलेल्या पैशाला तर हातच लावायचा नाही, तो कायदा २०२० पासून अजून कडक झालाय. सोपा मार्ग म्हणजे ज्यांना द्यायचंय त्यांनी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या बँकेतून, स्वतःच्या पॅनवर पाठवायचं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतं, त्यात देणगीही बसते, आपली रक्कम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. बँकेत फॉर्म भरावा लागतो. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जाऊ देत, त्या नर्सच्या खात्यात नको, ती कितीही आपली असली तरी, उलट आपली आहे म्हणूनच तिच्यावर हे ओझं टाकू नका. अशा देणगीवर इथे आयकरात सूट देणारी ८०जीची पावती मिळत नाही हे सगळ्यांना आधीच सांगून टाका, नाहीतर मार्चमध्ये तुम्हालाच विचारतील. एकदा तुमच्या सीएंना सगळं दाखवून घ्या. आणि दर वेळी छोट्या रकमा पाठवल्या तर बँकेचे चार्जेसच खूप जातात, म्हणून तीन-चार महिन्यांचं साठवून एकदम पाठवलेलं बरं.

आता सासऱ्यांचं. त्यांचं चुकीचं नाहीये हो. झाबुआ-अलीराजपूरच्या पाड्यांवर सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे, कुपोषण आहे, सरकारने सिकल सेलचं राष्ट्रीय मिशन जुलै २०२३ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातून, शहडोलहून, सुरू केलं ते उगाच नाही. पण त्यांना एक गोष्ट सांगून बघा. १८८४ मध्ये एलिझाबेथ बिटी नावाची डॉक्टर बाई कॅनडाहून इंदूरला आली, मागोमाग मॅरियन ऑलिव्हर आल्या. कोणी पाठवलं त्यांना, तर कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायकांनी, आपल्यासारखंच महिला मंडळ, घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे. त्या बायकांच्या गावांत गरीब नव्हते असं थोडंच आहे? तरी त्यांनी दिलं, आणि इंदूरच्या बायकांसाठी दवाखाना नि पुढे हॉस्पिटल उभं राहिलं, कारण तेव्हा पुरुष डॉक्टरकडे बायका जातच नव्हत्या. जगाच्या नकाशावर त्या वेळी "परदेशातले गरीब" आपण होतो, सराफ्यातल्या नि छावणीतल्या आपल्या पणज्या. हे सासऱ्यांना ऐकवायला म्हणून नाही सांगत, त्यांना अभिमान वाटेल म्हणून सांगतेय. आणि बघा, त्या कॅनडाच्या बायकांनी उरलेली औषधं नाही पाठवली, डॉक्टर पाठवली, जी इथे राहिली, इथली भाषा शिकली, इथल्या मुलींना हाताशी घेतलं. म्हणजे घरातल्या भांडणाचं उत्तर असं की दोन्ही करा, जमेल तसं वाटून घ्या, किती इकडे नि किती तिकडे ते मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवा नि वहीत लिहा. झाबुआची बाजू सासऱ्यांवरच सोपवा, मनापासून करतील.

मुलीबद्दल मात्र मी जरा ठाम बोलणार आहे. आत्ता पाठवू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने इथे जे करायची परवानगी नाही ते तिथे का करावं? तिकडे जाणाऱ्या काही टीममध्ये हे सर्रास होतं, शिकाऊ मुलं टाके घालतात, सलाइन लावतात, कारण विचारणारं कोणी नसतं, आणि पेशंट गरीब असल्यामुळे काही बोलत नाही. मलावीला नर्सिंगचं स्वतःचं कौन्सिल आहे, बाहेरून आलेल्या नर्सला त्यांच्याकडे रजिस्ट्रेशन लागतं. शिवाय तीन आठवड्यांचा कॅम्प म्हणजे बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या दिल्या, फोटो काढले, निघाले, मग दुसऱ्या महिन्यात त्या आजीने काय करायचं? तिथल्या स्टाफला पाहुण्यांची व्यवस्था बघावी लागते ते वेगळंच. मर्सी शिप्स म्हणून एक ख्रिस्ती संस्था आहे, १९७८ पासूनची, जहाजावर हॉस्पिटल घेऊन आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन्‌महिने ऑपरेशनं करतात, त्यांच्याकडे स्वयंसेवक नर्स स्वतःचा खर्च स्वतः करून जातात, पण त्यांनाही रजिस्टर्ड नि अनुभवी नर्सच लागते. मुलीला हे दाखवा, तिला पुढचं काहीतरी दिसेल. डिग्री होऊ दे, भोपाळला रजिस्ट्रेशन होऊ दे, एक-दोन वर्षं लेबर रूम किंवा लहान मुलांच्या वॉर्डात काढू दे, मग जाऊ दे, आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त जाऊ दे. तोवर या थंडीत झाबुआच्या एखाद्या कॅम्पला एखाद्या अनुभवी सिस्टरच्या हाताखाली जाऊ दे, वजन करणं, नोंदी ठेवणं, यातून खूप शिकता येतं, आजोबाही खूश.

आणि कधीतरी ती गेलीच तर एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेवा, कारण हे ऐन वेळी राहतं. मलावीची विमानं बहुतेक अदिस अबाबा नाहीतर नैरोबीवरून जातात, हे दोन्ही देश यलो फीव्हरच्या यादीत आहेत, त्यामुळे त्या लसीचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस क्वारंटाइन होऊ शकतं. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि सरकारने ठरवलेल्या सेंटरवरच मिळते. मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरला विचारून.

एक नाजूक मुद्दा, तुम्ही लिहिला नाहीत पण सध्याच्या दिवसांत लिहायलाच हवा. मदत नि प्रार्थना वेगळी ठेवा, इथेही नि तिथेही. प्रार्थना आपल्या उपासनेत मनसोक्त करा, त्या हॉस्पिटलसाठी रोज करा, पण झाबुआच्या कॅम्पमध्ये गोळीबरोबर पत्रक नको. रेड क्रॉस आणि मोठ्या मदत संस्थांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता केली तिच्यातही हेच आहे, मदत माणसाची गरज बघून द्यायची. बायबलातल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला तू कोण म्हणून विचारलं नाही. आणि त्याने केलं काय तेही बघा, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, तिथल्या माणसाच्या हातात पैसे ठेवले नि म्हणाला जास्त लागले तर परत येताना देतो. पुढची सेवा त्याने तिथल्या माणसावर सोडली. पाळकसाहेबांना हा उतारा एखाद्या रविवारी घ्यायला सांगा, तुमचं अर्धं काम होईल.

उरलेलं अर्धं काम म्हणजे तुमची खरी काळजी, बायकांचं मन. ताई, तुम्ही एकट्या उभ्या राहून "पाठवायचं नाही" असं जाहीर करू नका. बैठकीत एक खोका मध्ये ठेवा, चारचौघींना बरोबर घेऊन उघडा, आणि निवडायला बसा. कापलेली स्ट्रिप प्रत्येकीच्या हातात जाऊ दे. ज्या बायका घरात दुधाची पिशवीसुद्धा तारीख बघून घेतात त्यांना जास्त काही सांगावं लागणार नाही. त्याच बैठकीत नर्सचा मेसेज मोठ्याने वाचा, त्यांना काय लागतंय तो. मग सील न फोडलेली, पूर्ण, भरपूर तारीख बाकी असलेली औषधं वेगळी काढून जवळच्या धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरना विचारा चालतील का, नाही म्हणाले तर आग्रह नको. बाकीची बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात नको, आपल्या इंदूरच्या कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथे. चादरी झाबुआला लगेच कामी येतील.

पैसे जमवायला तुम्हाला मी काय शिकवणार, रविवारी उपासनेनंतर पोहे-जिलबीचा स्टॉल लावला तरी इंदूरकर रांग लावतील. पण ज्या वयस्कर बायकांना हाताने काहीतरी करायचंय, पैसे टाकून ज्यांचं समाधान होत नाही, त्यांच्यासाठी नर्सला हेही विचारा की बाळांच्या टोप्या चालतील का. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवतात, कांगारू पद्धत म्हणतात तिला, १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या हॉस्पिटलात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू झाली नि आता सगळ्या जगात वापरतात, मलावीतही. त्यात बाळाच्या डोक्यावर टोपी लागते. वजनाला काही नाही, कोणी जाणारं असेल तर बॅगेच्या कोपऱ्यात चार डझन मावतील. लोकर की सुती, माप केवढं, रोज उकळत्या पाण्यात धुतली तर टिकेल का, हे आधी विचारून घ्या, आणि ते नको म्हणाले तर त्याच टोप्या तुमच्या इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वॉर्डात विचारून बघा.